जुन्या पिकअपचा डावा ब्रेक लाइट: बल्ब नवा, फ्यूज ठीक, तरी उजेड नाही

दिवाळेकर:

नमस्कार मंडळी. घरची जुनी बोलेरो पिकअप आहे, एमएच-४३ पासिंगची. आमचा धंदा मासळीचा. पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल भरायचा, मानखुर्दवरून वाशीचा खाडीपूल ओलांडून पाम बीचने बेलापूरला यायचं, हा गाडीचा रोजचा रस्ता. गाडी माझा धाकटा भाऊ चालवतो.

डाव्या बाजूचा ब्रेक लाइट नीट लागत नाही. म्हणजे नेमकं काय होतं ते सविस्तर लिहितो, कारण ‘लाइट लागत नाही’ एवढंच सांगितलं की पुढचं कोणी ऐकून घेत नाही.

सगळे लाइट बंद ठेवून ब्रेक दाबला की उजवा लख्ख लाल होतो, डावा मिणमिणता. त्याच वेळी डाव्या बाजूचे इंडिकेटर, मागचा आणि पुढचासुद्धा, मंद पिवळे पेटतात. ब्लिंक होत नाहीत, पेडलवर पाय असेपर्यंत नुसते पेटून राहतात. पार्किंग लाइट लावले तर दोन्ही टेल लाइट सारखेच दिसतात. पण तेव्हा ब्रेक दाबला की डावा वाढायच्या ऐवजी आणखी मंदावतो.

बल्ब नवा टाकून झाला. दोन फिलामेंटचा, १२ व्होल्ट २१/५ वॅट, जो आधी होता तोच नंबर. काढलेला जुना बल्ब उजवीकडे लावून पाहिला तर तिथे तो उत्तम पेटतो. फ्यूज शाबूत आहे. गॅरेजमध्ये सांगितलं की मागचं अख्खं वायरिंग काढून नवं टाकावं लागेल. ते करायची वेळ आली तर करू, पण दोष कुठे आहे हे कोणी दाखवत नाही आणि थेट सगळं बदला म्हणतात, हे मनाला पटत नाही. पासिंगही, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, तोंडावर आलंय. भाऊ अंधारात आणि पावसात गाडी चालवतो, म्हणून तात्पुरतं काही नको आहे. कुठून सुरुवात करू?

वायरमन कळवा:

दिवाळेकर, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं काम झालंय. वायरिंग बदलायची घाई करू नका.

ब्रेक लाइटचा करंट बॅटरीतून फ्यूजला, तिथून पेडलजवळच्या ब्रेक स्विचला, तिथून एका वायरने मागे येतो आणि मागे आल्यावर डावा-उजवा असा फाटा फुटतो. बल्बमधून गेला की बॉडी अर्थने, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, बॅटरीच्या निगेटिव्हला परत. तुमचा उजवा लख्ख पेटतो. म्हणजे फ्यूज, स्विच आणि फाट्यापर्यंतची वायर ठीक आहे. त्यांना हात लावूच नका. दोष फाट्याच्या पुढे, डाव्या बाजूच्या काही फुटांत आहे.

आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटणं ही डाव्या लॅम्पची अर्थ गेल्याची खूण आहे. बल्ब, स्विच किंवा फ्यूज बिघडून असं होत नाही. लॅम्प खोलून अर्थची वायर कुठे जाते ते बघा. बहुतेक पिकअपला ती लॅम्पच्या ब्रॅकेटच्या किंवा चेसिसच्या एखाद्या बोल्टखाली थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून कसलेली असते.

घोडबंदर रोड:

तांत्रिक मदत मला करता येणार नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. मी रात्री उशिरा गायमुख घाटातून घरी येतो. पुढे पिकअप किंवा टेम्पो असतो, त्याचा एकच ब्रेक लाइट लागतो, तोही उजवा. पावसात लांबून तो एक लाल ठिपका बाइकचा वाटतो आणि गाडी किती रुंद आहे, तिची डावी कड कुठे संपते, काही कळत नाही. डावीकडून काढायला जाणाऱ्या बाइकवाल्यांचं काय होत असेल? तुम्ही पासिंगपुरतं न बघता मुळापासून शोधताय हे वाचून खूप बरं वाटलं. शेवटी काय निघालं ते नक्की लिहा.

स्वाती ऐरोली:

वायरमनदादांचं निदान बरोबर आहे. असं का होतं तेही लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कोणालाही लक्षणावरून ओळखता येईल.

मागच्या लॅम्पमध्ये ब्रेक, टेल आणि इंडिकेटर या तिन्ही फिलामेंटची परतीची वाट एकच असते. ती वाट तुटली तरी करंट जागेवर थांबत नाही, दुसरी वाट सापडली तर तिकडून जातो. तुमच्या गाडीत ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अर्थला जाऊ शकत नाही, म्हणून मागच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा चढतो, इंडिकेटरच्या वायरने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथे पुढची अर्थ चांगली असल्यामुळे उतरतो. म्हणजे २१ वॅटचे तीन बल्ब एकापाठोपाठ एक जोडल्यासारखं झालं. बारा व्होल्ट तिघांत वाटले गेले, प्रत्येकाला चार. चार व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब जेवढा पेटेल तेवढाच तुमचा डावा ब्रेक लाइट पेटतो, आणि पुढचा-मागचा इंडिकेटरही तेवढाच. इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर या वाटेत येतच नाही, म्हणून ब्लिंक होत नाही.

आता टेल लाइटचं. ५ वॅटच्या फिलामेंटला करंट थोडाच लागतो, साधारण ०.४ अँपिअर. तो २१ वॅटच्या थंड फिलामेंटमधून जवळजवळ विनासायास जातो, कारण थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्या फिलामेंटपेक्षा खूपच कमी असतो. म्हणून नुसते पार्किंग लाइट लावले की डावा-उजवा सारखेच दिसतात आणि दोष लपून राहतो. ब्रेक दाबला की लॅम्पमधल्या सामाईक टोकाशी आठेक व्होल्ट येतात. मग टेलच्या फिलामेंटच्या एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला आठ. त्याच्या वाट्याला फक्त चार उरले, म्हणून तो मंदावतो.

मीटर असेल तर एक मोजमाप घ्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डाव्या होल्डरच्या पत्र्याला. बल्ब लावलेला असू द्या आणि ब्रेक दाबलेला असू द्या. अर्थ चांगली असेल तर ०.१-०.२ व्होल्टच्या वर आकडा जायला नको. तुमच्याकडे सात-आठ दिसेल असं वाटतं.

आप्पा तुर्भे:

मासळीची गाडी म्हटल्यावर मला काही विचारायचं राहिलं नाही. माझा जन्म एपीएमसीत गाड्या लावण्यात गेला. भाजीची गाडी आणि मासळीची गाडी एकाच वर्षाची असो, मागून बघितली की वेगळी ओळखू येते. बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फटीतून गळतं, फाळक्याच्या कडेने खाली येतं आणि नेमकं लॅम्पच्या ब्रॅकेटवर ठिबकतं. साध्या पावसाच्या पाण्याने एवढं नुकसान होत नाही. मिठाच्या पाण्याने तांब्याची वायर हिरवी होते, आतून काळी पडते आणि वरचं प्लास्टिक नव्यासारखं दिसत राहतं.

दिवाळेकर, गाडी उभी करताना कुठल्या बाजूला कलते? पाणी त्याच बाजूने जातं. डावीकडे कलत असेल तर डावा लॅम्प आधी जाणार.

वायर पकडून हलकी ओढून बघा. चांगली वायर थोडा ताण घेते. सडलेली वायर थिंबलपाशी हातात येते.

दिवाळेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी गाडी रिकामी होती तेव्हा बसलो.

सीट आणि ब्रेक पेडलच्या मध्ये लाकडी दांडकं अडकवलं म्हणजे ब्रेक दाबलेला राहतो, माणूस लागत नाही. स्वातीताईंनी सांगितल्याप्रमाणे मोजलं. बॅटरी १२.४. डाव्या होल्डरचा पत्रा ते बॅटरी निगेटिव्ह, ७.९. उजवीकडे हेच मोजमाप ०.१.

आप्पा, तुमचं अगदी खरं निघालं. घरासमोर गाडी लावतो तो रस्ता गटाराच्या बाजूला उतरता आहे आणि गाडी रोज डावीकडे कलूनच उभी असते. डाव्या ब्रॅकेटवर मिठाचा पांढरा थर आणि खाली गंजाचे पापुद्रे. अर्थची वायर ब्रॅकेटच्या बोल्टखाली होती. बोल्टला पाना लावायच्या आधीच वायर थिंबलमधून सुटून हातात आली.

वायरीचं टोक तात्पुरतं लांब तुकडा जोडून उजव्या बाजूच्या अर्थ बोल्टला धरलं. इंडिकेटर पेटायचे थांबले आणि डावा ब्रेक लाइट लगेच वाढला. आता ही अर्थ कायमची कशी करावी? त्याच ब्रॅकेटवर परत लावू का?

वायरमन कळवा:

त्या ब्रॅकेटवर लावू नका. ब्रॅकेट स्वतःच चेसिसला गंजलेल्या बोल्टांनी धरलेलं आहे. आज साफ करून लावाल, पण ब्रॅकेट ते चेसिस हा पुढचा सांधा तसाच राहील.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. वायर मागे मागे कापत जा. तांबं काळं किंवा हिरवट दिसतंय तोवर कापा, लालसर चमकदार तार लागली की थांबा. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही आणि नुसतं पिळून काही उपयोग नाही. तिथे १.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर जोडा आणि ती चेसिसच्या मुख्य लांब पट्टीवर, आतल्या बाजूला, जिथे ठिबक पोहोचत नाही तिथे न्या. रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा दिसेपर्यंत उघडा करा. कथलाचा मुलामा असलेली थिंबल घ्या, नीट क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने वायरीवर दाबून बसवा. बोल्टखाली दातेरी वॉशर घाला, तो पत्र्यात रुततो आणि कंपनाने सैल होत नाही. कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. क्रम लक्षात ठेवा: आधी धातूला धातू घट्ट, मग वरून ग्रीस.

माझी स्वतःची पद्धत अशी की डाव्या लॅम्पपासून उजव्या लॅम्पच्या अर्थपर्यंतही एक वायर ओढतो. मग दोन्ही बाजूंना दोन अर्थ मिळतात, एक गेली तरी दुसरी काम करते. मासळीच्या, मिठाच्या आणि खताच्या गाड्यांना हे करावंच. वायर हौद्याच्या खालून नेताना सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि प्लास्टिकच्या पाइपमधून न्या.

दिवाळेकर:

अर्थ तुम्ही सांगितली तशीच केली. चेसिसवर एक आणि उजव्या लॅम्पला जोडणारी एक. आता डाव्या होल्डरचा पत्रा ते बॅटरी निगेटिव्ह, ब्रेक दाबून ०.१. इंडिकेटर, टेल, रिव्हर्स सगळं आपापल्या जागी.

पण एक गोष्ट उरली आहे. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावली आणि ब्रेक दाबला. भिंतीवर उजवीकडचा लाल पट्टा मोठा आणि स्वच्छ, डावीकडचा फिका. फरक आधीसारखा नाही, दिवसा कोणाच्या लक्षात येणार नाही इतकाच, पण आहे. बल्ब अदलाबदल करून पाहिले, डावाच फिका राहतो. डावीकडचा बल्ब काढून होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकाला मीटर लावला तर १२.३ व्होल्ट येतात. पुरवठा पूर्ण आहे, अर्थ चांगली आहे, मग उजेड कमी का? काच तर दोन्हीकडे सारखीच आहे.

भाऊ म्हणतो एवढं चालेल. मला चालवून घ्यायचं नाही.

स्वाती ऐरोली:

चालवून घेऊ नकाच. तुम्ही भिंतीवर फरक पाहिलात म्हणजे दोष आहे.

बल्ब काढून घेतलेल्या १२.३ या आकड्यावर विसंबू नका. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, मग पाइप आतून कितीही चोंदलेला असो. तोटी उघडल्यावर धार करंगळीएवढी येते तेव्हा कळतं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून सडलेल्या सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो तेव्हाच सांध्याचं खरं रूप बाहेर येतं.

तेव्हा बल्ब लावा, ब्रेक दाबलेला ठेवा आणि पेटत्या अवस्थेत होल्डरच्या ब्रेकच्या टोकाला मोजा. होल्डरच्या मागून वायर आत जाते तिथे बारीक पिन घालता येते. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा शेजारी शेजारी लिहा. डावीकडे कमी आला तर होल्डरपासून फाट्याच्या दिशेने एकेक कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड), एकेक सांधा तपासत जा. प्रत्येक सांध्याच्या एका बाजूला एक पिन, दुसऱ्या बाजूला दुसरी. बल्ब पेटलेला असताना चांगल्या सांध्यावर जवळजवळ शून्य दिसतं. जिथे व्होल्ट दिसतील तिथेच तुमचा उजेड अडकलाय.

फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार भराभर पडतो. बाराच्या जागी नऊ व्होल्ट मिळाले तर उजेड तीन चतुर्थांश राहत नाही, निम्म्याच्याही खाली जातो. म्हणून वायरिंगमधला दोन-तीन व्होल्टचा तोटा किरकोळ समजू नये.

नवखा चालक:

मधेच विचारतो, माफ करा. एवढं सगळं करण्यापेक्षा दोन्हीकडे एलईडी बल्ब टाकले तर? करंट कमी लागतो, लवकर पेटतो, टिकतोही जास्त. माझ्या ओळखीत बऱ्याच टेम्पोवाल्यांनी टाकलेत. दिवाळेकरांचा प्रश्नही सुटेल ना?

वायरमन कळवा:

प्रश्न विचारलात ते चांगलं केलंत, कारण दुकानात नेमका हाच सल्ला देतात.

एलईडी लवकर पेटतो हे खरं. फिलामेंट तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद जास्त घेतं. ताशी ६० किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे येते. हा फायदा मी नाकारत नाही.

पण दिवाळेकरांच्या गाडीत आज एलईडी टाकला तर होईल काय? एलईडी इतका कमी करंट घेतो की सडलेल्या सांध्यावर व्होल्ट पडतच नाहीत. लाइट लख्ख दिसेल आणि सांधा आत सडत राहील. मग एका पावसाळ्यात वायर पूर्ण तुटेल आणि त्या रात्री लाइट एकदम बंद पडेल. फिलामेंटचा बल्ब फिका पडून सूचना तरी देतो. आधी वायरिंग दुरुस्त करा, नंतर काय टाकायचं ते ठरवा.

शिवाय लॅम्पची काच आणि आतला आरसा फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडी बल्बचे ठिपके त्या जागी नसले तर समोरून लख्ख आणि बाजूने अंधार असं होतं. लाल काचेच्या मागे पांढरा एलईडी लावला की रंग गुलाबीसर दिसतो, तेही योग्य नाही.

स्वाती ऐरोली:

यात एक भर. बाजारात एक फिलामेंटचा २१ वॅटचा बल्बही तेवढ्याच आकाराचा मिळतो. दोन फिलामेंटच्या बल्बला कडेच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, एक फिलामेंटवाल्याला समान उंचीवर. बल्ब सहज फिरून बसत नसेल तर जोर लावू नका, तो चुकीचा आहे. जबरदस्तीने बसवला तर त्याचं एकच टोक होल्डरच्या दोन्ही संपर्कांना चिकटू शकतं आणि ब्रेक दाबला की पार्किंग लाइट पेटायला लागतात. अशा गाडीत लोक दिवसेंदिवस अर्थ शोधत बसतात. दिवाळेकरांचा बल्ब बरोबर आहे हे त्यांनी आधीच लिहिलंय, हे बाकीच्यांसाठी.

दिवाळेकर:

सापडलं!

पेटत्या अवस्थेत मोजलं. उजव्या होल्डरला १२.०, डाव्याला ९.४. पत्र्याकडे दोन्हीकडे ०.१. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. होल्डरपासून मागे येत गेलो. लॅम्पच्या कपलरवर काही नाही. पुढे हौद्याच्या आडव्या पट्टीच्या वर वायरिंगला काळ्या टेपचा जाड गठ्ठा होता. नुसता हात लावला तर गरम. टेप वितळून चिकट झालेली. गठ्ठ्याच्या अलीकडे-पलीकडे पिन टोचून मोजलं, पूर्ण २.६ तिथेच.

टेप सोडवली. दोन वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या, क्रिंप नाही, सोल्डर नाही. आत हिरवी पावडर आणि तारांचे अर्धे धागे गळून पडलेले. मागे हौद्याची तळपट्टी बदलून घेतली होती, वेल्डिंगच्या वेळी वायर कापून परत जोडली असणार असा अंदाज आहे.

स्वातीताई, सांधा गरम का लागतो तेही कळलं. दीड अँपिअर गुणिले २.६ म्हणजे जवळपास चार वॅट त्या एवढ्याशा जागेत तापत होते. जो उजेड मागच्या गाडीला दिसायला हवा तो टेपखाली तापत बसला होता.

तो भाग कापून चमकदार तांब्यापर्यंत गेलो, मधे नवा तुकडा घातला. दोन्ही टोकांना क्रिंप आणि वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, तापवली की गोंद वितळून पाणी बंद होतं ती. आता डाव्याला ११.९. भिंतीवर दोन्ही पट्टे सारखे. अख्खं वायरिंग बदलायची गरज पडली नाही. हातभर वायर, दोन थिंबल आणि दोन स्लीव्ह लागल्या.

भाऊने स्वतः मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, उजवीकडचाही सांधा उघडून बघूया. तिथेही तशीच टेप होती. आत तांबं अजून लालच होतं, पण तोही सांधा नीट करून टाकला.

आप्पा तुर्भे:

शाब्बास. उजवीकडचा उघडलात ते उत्तम केलंत, तो पुढच्या पावसाळ्यात गेला असता.

आता पाण्याचं बघा, नाहीतर वर्षभरात परत तेच. हौद्यात क्रेटच्या खाली जाड ताडपत्री किंवा रबरी मॅट टाका आणि पाणी एकाच जागेवरून, मधोमध, नळीने खाली सोडा. लॅम्पच्या वर पत्र्याची छोटी पट्टी लावा, ठिबक बाहेर जाईल. रात्री माल उतरला की मागची बाजू गोड्या पाण्याने धुवा. पण धुण्याच्या ठिकाणी प्रेशरचा फवारा लॅम्पवर थेट मारू देऊ नका. रबरी सील जुनं झालेलं असतं, पाणी आत जातं आणि काचेमुळे बाहेर येत नाही. लॅम्पच्या तळाला बारीक भोक असतं, ते गाळाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा.

आणि गाडी उभी करताना महिनाभर उलट्या तोंडाने लावून बघा.

घोडबंदर रोड:

शेवट वाचून फार समाधान वाटलं. पासिंगबद्दल थोडी माहिती देतो, इतर मालवाहू गाडीवाल्यांच्या उपयोगाची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागे दोन लाल ब्रेक लाइट आवश्यक आहेत आणि पायाचा ब्रेक लावला की ते पेटले पाहिजेत. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणजे जुन्या गाडीची तपासणी वर्षातून एकदा. मधल्या काळात ती गाडी रोज रात्री रस्त्यावर असते. तेव्हा दिवाळेकरांची भिंतीची पद्धत प्रत्येकाने आठवड्यातून एकदा वापरावी. दुकानाचं शटर असलं तरी चालतं, गाडीतून उतरायचीही गरज नाही, मागच्या आरशात दोन्ही डाग दिसतात. मागच्या लाल रिफ्लेक्टिव्ह टेपवरचा चिखलही तेवढ्यात पुसून घ्यावा.

नवखा चालक:

हे सगळं वाचून माझा टेम्पो आज भिंतीला लावला. माझे दोन्ही ब्रेक लाइट बंद आहेत! टेल आणि इंडिकेटर चालू. किती दिवस असा फिरतोय माहीत नाही. आत्ता रबाळ्याला उभा आहे, रात्री भिवंडीला जायचं आहे. काय बघू?

वायरमन कळवा:

तसेच निघू नका, हे पाच मिनिटांचं काम असू शकतं. दोन्ही एकदम बंद म्हणजे फाट्याच्या अलीकडचा दोष, दिवाळेकरांच्या उलट. अर्थकडे बघू नका, टेल आणि इंडिकेटर चालू आहेत म्हणजे ती ठीक आहे.

आधी फ्यूज. बऱ्याच गाड्यांत ब्रेक लाइट आणि हॉर्नचा फ्यूज एकच असतो, म्हणून हॉर्न वाजवून बघा. फ्यूज जळलेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा टाका. वायरीचा तुकडा किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज टाकू नका, आग लागते. नवा टाकल्यावर लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय.

फ्यूज ठीक असेल तर पेडलच्या वर, ब्रॅकेटवर बसवलेला छोटा स्विच असतो. पेडल वर असताना त्याची खुंटी दाबलेली राहते, पाय ठेवला की खुंटी बाहेर येते आणि लाइट लागतो. चावी ऑन ठेवा, स्विचचा कपलर काढा आणि कपलरमधल्या दोन टोकांना वायरीच्या तुकड्याने जोडा. टोकं दोनच असतील तरच हे करा, चार असतील तर दुसऱ्या कामाची वायर जोडली जाऊ शकते, थांबा आणि इथे फोटो टाका. जोडल्यावर मागे लाइट लागले तर स्विच गेला आहे किंवा सरकला आहे. खुंटीवर दाबणारा पेडलवरचा रबरी ठोकळा तुटून पडला तर लाइट उलट कायमचे पेटून राहतात, त्यामुळे तुमच्यात तो दोष नाही.

गाडी फारच जुनी असेल आणि पेडलपाशी स्विच सापडत नसेल तर ब्रेक ऑइलच्या पाइपावर, मास्टर सिलिंडरजवळ दोन वायरींचा स्विच असतो. तो ऑइलच्या दाबाने चालतो. त्याच्याही दोन वायरी काढून एकमेकींना जोडून बघा. पण तो स्विच स्वतः खोलू नका, ब्रेकमध्ये हवा जाईल. बदलायचा असेल तर गॅरेजमध्येच, आणि नंतर ब्रेक ब्लीड करून, म्हणजे पाइपातली हवा काढून घ्या.

नवखा चालक:

हॉर्न वाजतो. स्विच सापडला, दोनच टोकं आहेत. जोडली तर मागे दोन्ही लख्ख लागले! स्विचचा नट सैल होऊन स्विच खाली पेडलकडे सरकला आहे, पेडल दाबलं तरी खुंटी पूर्ण बाहेर येत नाही.

वायरमन कळवा:

मग स्विच बदलायचीही गरज नसेल. कपलर परत लावा. नट सोडवून स्विच थोडा वर घ्या. पेडल मोकळं असताना लाइट बंद राहायला हवेत आणि पेडल जरासं, बोटाने दाबल्यासारखं, हललं की लागायला हवेत. तशी जागा मिळाली की दोन्ही नट एकमेकांवर घट्ट करा. नंतर पेडल पूर्ण वर येतंय ना ते हाताने तपासा. स्विच पेडलला खाली दाबून धरत असेल तर ब्रेक किंचित लागलेले राहतील आणि ड्रम तापतील. भिवंडीला निघायच्या आधी कोणाला तरी मागे उभं करून एकदा खात्री करा.

नवखा चालक:

झालं. शेजारच्या गाडीतल्या काकांनी मागे उभं राहून पाहिलं. दोन्ही लागतात, सोडलं की विझतात, पेडल पूर्ण वर येतं. निघतो आता.